आधी परीक्षा, मग वर्ग

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली, हे स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांत हमखास सापडतं. त्या पुस्तकांत सहसा न सापडणारी गोष्ट अशी, की त्या दिवशी स्थापन झालेलं विद्यापीठ कुणालाही काहीही शिकवत नव्हतं. त्याच्याकडे वर्ग नव्हते, प्राध्यापक नव्हते, प्रयोगशाळा नव्हत्या. शिकवण्याचं काम मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज किंवा पुढे डेक्कन कॉलेज म्हणून ओळखलं गेलेलं पुण्याचं सरकारी कॉलेज अशा संस्थांनी करायचं. विद्यापीठाने अभ्यासक्रम नेमायचे, परीक्षा घ्यायच्या, निकाल लावायचे आणि पदव्या वाटायच्या. १८५४ च्या वूडच्या खलित्यात लंडन विद्यापीठाचा नमुना पुढे ठेवलेला होता, आणि लंडन विद्यापीठ तेव्हा परीक्षा घेणारं मंडळच होतं.

१८५९ साली पहिली मॅट्रिक झाली. ती पास होणाऱ्यांत महादेव गोविंद रानडे होते. १८६२ साली बी.ए. झालेल्या पहिल्या तुकडीत रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. फोर्टमधलं पदवीदानाचं देखणं सभागृह १८७४ साली बांधून पूर्ण झालं, आणि १८७८ साली राजाबाई टॉवर व त्याखालचं ग्रंथालय. स्वतःचे विभाग काढून शिकवायला मात्र विद्यापीठाने सुरुवात केली ती विसाव्या शतकात. १९१९ साली समाजशास्त्राच्या विभागावर पॅट्रिक गेडीस आले, तो त्या सुरुवातीचाच भाग. म्हणजे पदवी देण्यासाठी सभागृह, निकाल सांगण्यासाठी यंत्रणा, वेळ दाखवण्यासाठी मनोरा, सगळं तयार होतं. वर्ग तेवढा नंतर आला.

हे सगळं मी का सांगतोय? अभ्यासक्रम कसा आखावा याबद्दलच्या आजच्या शास्त्रात एक तत्त्व जवळजवळ सर्वमान्य आहे. विद्यार्थ्याला शेवटी काय करता यायला हवं ते आधी ठरवा. ते त्याला येतं हे कशावरून कळेल ते मग ठरवा. आणि त्यानंतरच वर्गात काय करायचं ते ठरवा. उद्दिष्ट, मूल्यमापन आणि वर्गातलं काम ही तिन्ही एका रेषेत हवीत. यातली 'परीक्षा आधी, वर्ग नंतर' ही अर्धी गोष्ट आपण १८५७ पासून करत आलो आहोत. उरलेल्या अर्ध्याचं, म्हणजे उद्दिष्टाचं, काय झालं हा या लेखाचा विषय आहे. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. इंजिनिअरिंगची पदवी घेऊन सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस आहे. पण ज्या प्रश्नपत्रिका सोडवून मी ती पदवी मिळवली, त्यांच्या प्रत्येक प्रश्नासमोर या तत्त्वाची मोहर छापलेली होती. ती तिथे कुठून आली ते शोधताना जे हाती लागलं, ते इथे मांडतो आहे.

फुल्यांची तक्रार

न बोललेलं उद्दिष्ट हेही उद्दिष्टच असतं. एकोणिसाव्या शतकातल्या मॅट्रिकचं न बोललेलं उद्दिष्ट सरकारी नोकरी हे होतं, आणि त्या दृष्टीने पाहिलं तर ती व्यवस्था चांगलीच सुसंगत होती. ऑफिसात इंग्रजी मसुदे नकलून काढणारा, ठरलेल्या नमुन्यात उत्तर देणारा माणूस हवा होता. परीक्षा तेच मागत होती आणि शाळा तेच करून घेत होती.

ही सुसंगती कुणाच्या सोयीची आहे, हे ज्यांनी स्पष्ट सांगितलं त्यांत जोतीराव फुले होते. हंटर आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी पुण्याहून दिलेल्या निवेदनात त्यांनी सरकारी हायस्कुलांतल्या शिक्षणावर जी टीका केली आहे, ती आज वाचतानाही दचकायला होतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हे शिक्षण व्यवहाराच्या कामाचं नाही, त्यातून कारकून आणि मास्तर तेवढे तयार होतात, मॅट्रिकच्या परीक्षेने शिक्षक आणि विद्यार्थी या दोघांचंही लक्ष नको इतकं व्यापून टाकलं आहे, आणि पुढे स्वतंत्रपणे जगण्यासाठी लागणारं काही त्या अभ्यासक्रमात नाही. हे तीन आरोप एकाखाली एक लिहून पाहा. पहिला उद्दिष्टाबद्दल आहे, दुसरा परीक्षेबद्दल, तिसरा अभ्यासक्रमाच्या आशयाबद्दल. पुढे अमेरिकेत आणि हाँगकाँगमध्ये ज्या त्रिकोणावर ग्रंथ लिहिले गेले, त्याचे तिन्ही कोन इथे आहेत.

त्याच निवेदनात फुल्यांनी आणखी एका गोष्टीला हात घातला आहे, ती म्हणजे निकालावर अनुदान देण्याची पद्धत. ही कल्पना इंग्लंडची. तिथे १८६२ साली रॉबर्ट लो यांनी 'सुधारित संहिता' लागू केली. प्राथमिक शाळेच्या अनुदानाचा एक भाग हजेरीवर, म्हणजे सरासरी हजेरीच्या प्रत्येक मुलामागे चार शिलिंग. दुसरा भाग तपासनिसाने घेतलेल्या परीक्षेवर, मुलामागे आठ शिलिंग. आणि वाचन, लेखन, अंकगणित यांपैकी ज्या विषयात मूल नापास होईल त्या प्रत्येक विषयामागे दोन शिलिंग आठ पेन्स कापायचे. हिशेब कसा चोख आहे पाहा: तिन्ही विषयांत नापास, तर आठच्या आठ शिलिंग गेले. परिणाम व्हायचा तोच झाला. अनुदान ज्यांवर मिळतं ते तीन विषय फुगले, बाकीचे आक्रसले. मॅथ्यू अर्नोल्ड हे कवी आणि समीक्षक त्या काळी शाळा-तपासनीस होते. या पद्धतीमुळे शिकवणं यांत्रिक होतं आहे, असं ते वर्षानुवर्षं आपल्या अहवालांत लिहीत राहिले. शतक संपण्याआधी इंग्लंडने ती मोडीत काढली.

मुंबई इलाख्यातही अनुदानाची अशी पद्धत होती. फुल्यांचं त्यावर म्हणणं असं, की गरीब आणि आजवर शिक्षणापासून दूर राहिलेल्या समाजाला ती मुळीच सोयीची नाही. जिथे शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तिथे निकालाच्या भरवशावर स्वतःहून शाळा काढायला कुठला शिक्षक धजावेल? त्याचं पोट त्यावर भरणार नाही. निकाल मोजण्याला त्यांचा विरोध होता असं मला वाटत नाही. मोजमाप सगळ्यांना एका रेषेवरून धावायला लावतं आणि त्या रेषेपर्यंत पोचायलाच ज्यांना दोन मैल चालावं लागतं त्यांचा हिशेब कुठेच धरत नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा मला कळलेला अर्थ.

टायलरचे चार प्रश्न

आता दृश्य बदलतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची अमेरिका. कारखान्यांत 'शास्त्रीय व्यवस्थापना'चं वारं होतं. फ्रँकलिन बॉबिट यांनी १९१८ साली अभ्यासक्रमावर पुस्तक लिहिलं आणि कारखान्याचाच तर्क शाळेला लावला: प्रौढ माणसाला आयुष्यात जी जी कामं करावी लागतात त्यांची यादी करा, म्हणजे अभ्यासक्रम तयार झाला. याद्या लांबत गेल्या. पण याद्या लिहिणं ही एक गोष्ट आणि त्यातलं काय साधलं हे तपासणं ही दुसरी.

ती दुसरी गोष्ट रॅल्फ टायलर या माणसाने हाती घेतली. १९२९ साली ते ओहायो स्टेट विद्यापीठात आले. तिथल्या प्राध्यापकांना चाचण्या तयार करायला मदत करणं हे त्यांच्याकडचं काम. टायलर त्यांना उलट विचारू लागले: तुमचा कोर्स झाल्यावर मुलांना काय करता यायला हवं? प्राणिशास्त्राचे प्राध्यापक सांगत, की न पाहिलेल्या प्रयोगाची निरीक्षणं समोर ठेवली तर त्यांचा अर्थ लावता यायला हवा, तत्त्व नव्या ठिकाणी लावता यायला हवं. मग टायलर त्यांच्याच प्रश्नपत्रिका पुढे करत. त्यांत अवयवांची नावं आणि व्याख्या. टायलरने दोन्ही प्रकारच्या चाचण्या बनवल्या आणि कोर्स संपल्यावर वर्षभराहून अधिक काळाने त्याच विद्यार्थ्यांना पुन्हा दिल्या. नावं बरीचशी विसरली गेली होती. नव्या निरीक्षणांचा अर्थ लावण्याची क्षमता मात्र जवळपास शाबूत होती. म्हणजे जे टिकतं ते मोजलं जात नव्हतं, आणि जे मोजलं जात होतं ते टिकत नव्हतं. या एका निष्कर्षासाठी तरी टायलरचं नाव आपल्याकडे जास्त माहीत असायला हवं होतं.

पुढे १९३३ ते १९४१ या काळात अमेरिकेत 'आठ वर्षांचा अभ्यास' नावाचा मोठा प्रयोग झाला. तीस शाळांना मुभा दिली गेली, की कॉलेज-प्रवेशाच्या ठरीव अटींची पर्वा न करता तुम्ही तुमचा अभ्यासक्रम आखा. जवळपास तीनशे कॉलेजांनी या शाळांच्या मुलांसाठी त्या अटी शिथिल केल्या. मूल्यमापनाची बाजू टायलर यांच्याकडे होती. या शाळांतल्या १,४७५ विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या शाळांतून आलेल्या तेवढ्याच विद्यार्थ्यांशी जोड्या लावून कॉलेजातली प्रगती पाहिली गेली. प्रवेशपरीक्षेची भीती काढून घेतलेली ही मुलं कुठेही मागे पडली नव्हती. काही बाबतींत थोडी पुढेच होती. अहवाल १९४२ च्या सुमारास आले. तेव्हा अमेरिका युद्धात उतरली होती, ते वाचायला कुणाला सवड नव्हती.

या अनुभवातून टायलरने शिकागो विद्यापीठातल्या आपल्या कोर्ससाठी जी टिपणं काढली, त्यांचं १९४९ साली सव्वाशे पानांचं पुस्तक झालं. त्यात चार प्रश्न आहेत. शाळेने कोणती उद्दिष्टं गाठायची? ती गाठण्यासाठी विद्यार्थ्यांना कोणते अनुभव द्यायचे? त्या अनुभवांची मांडणी कशी करायची? आणि उद्दिष्टं गाठली गेली हे कसं ओळखायचं? हे प्रश्न इतके साधे आहेत की त्यासाठी पुस्तक कशाला, असं वाटावं. पण पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग पहिल्याच प्रश्नावर आहे. उद्दिष्टं कुठून आणायची? टायलर म्हणतात, शिकणाऱ्या मुलांकडे पाहा, शाळेबाहेरच्या आजच्या जगाकडे पाहा, विषयाच्या जाणकारांना विचारा. आणि तिथून जे येईल ते तुमच्या जीवनदृष्टीच्या आणि मानसशास्त्राच्या चाळणीतून चाळून घ्या. उद्दिष्ट वरून छापून येतं, असं त्यात कुठेही नाही.

ब्लूम यांचं टिपण आणि आपला तक्ता

बेंजामिन ब्लूम हे टायलर यांचे शिष्य आणि शिकागो विद्यापीठाचे परीक्षक. १९४८ साली बॉस्टनमध्ये मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनाच्या निमित्ताने वेगवेगळ्या विद्यापीठांच्या परीक्षकांची अनौपचारिक बैठक झाली. प्रश्न व्यवहारातला होता: प्रत्येक जण आपापले प्रश्न तयार करण्यात मरतो आहे, त्यापेक्षा एकमेकांत वाटून घ्यावेत. पण वाटायचे तर कुठला प्रश्न नेमकं काय तपासतो हे सांगायला समान भाषा हवी. त्या भाषेचं १९५६ साली पुस्तक झालं. ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण, मूल्यमापन या सहा पायऱ्या. पुस्तक टायलर यांना अर्पण केलेलं आहे. आज प्रत्येक शिक्षक-प्रशिक्षणात दिसणारा रंगीत पिरॅमिड त्या पुस्तकात नाही. त्यात नमुन्याचे प्रश्न मात्र भरपूर आहेत.

त्यातच एक इशारा आहे, आणि माझ्या मते सगळा पेच तिथे आहे. एखादा प्रश्न कुठल्या पायरीवरचा आहे हे नुसत्या प्रश्नावरून ठरवता येत नाही; विद्यार्थ्याने आधी काय शिकलेलं आहे ते ठाऊक असावं लागतं. साधी गोष्ट आहे. एखादं गणित मुलाने प्रथमच पाहिलं आणि विचार करून सोडवलं तर ते विश्लेषण. तेच गणित वर्गात फळ्यावर सोडवून दाखवलं असेल तर ते पाठांतर. म्हणजे प्रश्नाची उंची कागदावर नसते. ती वर्ग आणि प्रश्न यांच्यामधल्या अंतरात असते. आपल्या 'अपेक्षित प्रश्नसंचां'नी पिढ्यान्‌पिढ्या जे केलं ते हेच: ते अंतर शून्यावर आणलं. पेपर कितीही कल्पकतेने काढा, दोन वर्षांत तो अपेक्षितात येतो आणि सहाव्या पायरीवरचा प्रश्न पहिल्या पायरीवर उतरतो.

ब्लूम १९५७ साली भारतात आले. स्वतंत्र भारतात परीक्षासुधारणेची भूक तेव्हा मोठी होती. विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची तर ती परीक्षेची, असं राधाकृष्णन आयोगाने १९४९ सालीच म्हणून ठेवलं होतं. माध्यमिक शिक्षणासाठीच्या मुदलियार आयोगाचाही सूर तोच होता. ब्लूम यांनी इथे शिक्षकांसाठी आणि परीक्षकांसाठी कार्यशाळा घेतल्या. १९५८ साली सेंट्रल एक्झामिनेशन युनिट स्थापन झालं, आणि पुढे हे काम एनसीईआरटीकडे गेलं. १९६४ ते १९६६ या काळातल्या कोठारी आयोगाने मूल्यमापन ही सतत चालणारी गोष्ट असून तिचा उद्दिष्टांशी घट्ट संबंध आहे, अशी भूमिका घेतली. या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. शिक्षणाचा प्रश्न गरिबांच्या बाजूने मांडण्यात त्यांनी आयुष्य घालवलं.

तर कल्पना इथवर सुखरूप पोचली. पुढे तिचं मराठीत काय झालं हे ज्यांच्या घरात कुणी डी.एड. किंवा बी.एड. केलं आहे त्यांना ठाऊक असेल. पाठ टाचण. डावीकडे 'उद्दिष्टे', त्याखाली 'स्पष्टीकरणे'. विद्यार्थी आठवतो, ओळखतो, फरक सांगतो, उदाहरणे देतो. प्रश्नपत्रिकेसाठी 'संविधान तक्ता': ज्ञानाला इतके टक्के, आकलनाला इतके, उपयोजनाला इतके, कौशल्याला इतके. तक्ता भरणं वाईट नाही. मीही रोज तक्तेच भरतो. पण आधी धडा ठरलेला, पुस्तक ठरलेलं, परीक्षा ठरलेली, आणि मग उद्दिष्टं त्यांना शोभतील अशी लिहायची, हा टायलर यांच्या क्रमाचा शीर्षासन केलेला अवतार झाला. शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. चारपैकी पहिला प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता.

हाँगकाँग आणि वॉशिंग्टन

'सुसंगती' हा शब्द या क्षेत्रात रुजवला तो जॉन बिग्ज यांनी. टास्मानियातला हा माणूस हाँगकाँग विद्यापीठात नोकरी करणाऱ्या शिक्षकांना शैक्षणिक मानसशास्त्र शिकवत असे. लेखी परीक्षेत ही मंडळी सिद्धान्त नीट लिहीत. पण या सिद्धान्तांनी त्यांचा स्वतःचा वर्ग बदलतो का? तेच तर उद्दिष्ट होतं. म्हणून बिग्ज यांनी १९९०च्या दशकात विद्यार्थ्यांकडून पोर्टफोलिओ मागितला: मानसशास्त्रामुळे तुमच्या शिकवण्यात काय बदललं याचे पुरावे तुम्हीच निवडा आणि मांडा. विद्यार्थी आधी गोंधळले. मग पुरावा म्हणून काय चालेल याचीच चर्चा वर्गात सुरू झाली, आणि ती चर्चा हेच शिकणं ठरलं. १९९६ साली त्यांनी हा विचार निबंधात मांडला. १९९८ साली अमेरिकेत विगिन्स आणि मॅक्‌टाय यांनी शाळांसाठी जवळपास हीच गोष्ट 'उलट्या क्रमाने आखणी' म्हणून सांगितली. त्यांनी दोन पापं नोंदवली आहेत: मुलं रमतात म्हणून उपक्रम करत राहणं, आणि पुस्तक संपवायचं म्हणून शिकवत सुटणं. आपल्याकडच्या 'पोर्शन कंप्लीट' या शब्दप्रयोगात दुसरं पाप पुरतं सामावलं आहे.

इंजिनिअरिंगपर्यंत हा विचार आला तो वेगळ्या वाटेने. काही देशांच्या अभियांत्रिकी संस्थांनी १९८९ साली 'वॉशिंग्टन करार' केला: तुमच्या मान्यताप्राप्त पदव्या आम्ही मानू, आमच्या तुम्ही माना. पुढे या मान्यतेचा कणा 'निष्पत्ती' हा झाला. कॉलेजात किती तास, किती यंत्रं, किती प्राध्यापक हे पाहण्याऐवजी विद्यार्थ्याला शेवटी काय येतं ते पाहायचं. भारताच्या राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाला, म्हणजे एनबीएला, या कराराचं कायम सदस्यत्व १३ जून २०१४ रोजी मिळालं. त्यासाठी पदवीच्या बारा निष्पत्ती ठरल्या: अभियांत्रिकीचं ज्ञान, समस्येचं विश्लेषण, इथपासून नीतिमत्ता, संवाद आणि आयुष्यभर शिकत राहण्यापर्यंत.

माझं इंजिनिअरिंग या लाटेतच झालं. आमच्या प्रश्नपत्रिकेत उजवीकडे दोन बारीक रकाने असायचे. एकात 'सीओ', म्हणजे हा प्रश्न कोर्सच्या कितव्या निष्पत्तीसाठी आहे. दुसऱ्यात ब्लूम यांची पातळी. प्रत्येक विषयाच्या पाच-सहा निष्पत्ती, त्यांचा बारा मोठ्या निष्पत्तींशी संबंध दाखवणारा तक्ता, प्रत्येक चौकटीत एक, दोन, तीन किंवा रेघ. सत्र संपलं की गुणांवरून 'अटेनमेंट' काढायची. ठरलेल्या टक्क्यांहून जास्त गुण पुरेशा मुलांना पडले, की निष्पत्ती साधली. 'आयुष्यभर शिकत राहणे' या निष्पत्तीची अटेनमेंट आमच्या कॉलेजात तिसऱ्या सत्राअखेर दोन दशांशस्थळांपर्यंत काढलेली मी पाहिली आहे. एकोणीस वर्षांच्या मुलांची आयुष्यभराची गोष्ट, अडीच वर्षं आधी.

गंमत बाजूला ठेवू. या तक्त्यांमागे रात्री जागणाऱ्या प्राध्यापिका मी पाहिल्या आहेत. वर्गात त्या उत्तम शिकवत. मार्चमध्ये भेट देणारी समिती येणार म्हटलं, की जानेवारीपासून त्यांचा वेळ एक्सेलच्या फायलींत जायचा. प्रश्नपत्रिका विद्यापीठाची, अभ्यासक्रम विद्यापीठाचा, निष्पत्तींचे शब्द बव्हंशी वरून आलेले. मॅडमच्या हातात उरली ती क्रियापदं. 'समजून घेणे' काढा, तिथे 'विश्लेषण करणे' घाला. रॉबर्ट लो यांच्या शिलिंगांचा हा लांबचा नातेवाईक आहे. तेव्हा अनुदान अडायचं, आता मान्यता अडते.

एक छोटा कोर्स

गेल्या वर्षी कंपनीत नव्याने आलेल्या मुलामुलींसाठी सहा आठवड्यांचा कोर्स आखायचं काम माझ्याकडे आलं. आधीचा कोर्स रीतसर होता: रोज दोन तास स्लाइड्स, शुक्रवारी बहुपर्यायी प्रश्न. मी टायलर यांच्या पहिल्या प्रश्नाने सुरुवात केली आणि टीममधल्या लोकांना विचारत फिरलो: सहा महिन्यांनी या मुलांकडून नक्की काय हवं आहे? कुणीही भाषेचं किंवा फ्रेमवर्कचं नाव घेतलं नाही. उत्तरं अशी आली: बंद पडलेल्या सिस्टिमचे लॉग वाचून बिघाड कुठे आहे ते शोधता यावं, दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमध्ये, बाकी काही न मोडता, छोटा बदल करता यावा, आणि अडलं तर नेमका प्रश्न विचारता यावा.

एवढं ठरल्यावर परीक्षा आपोआप ठरली: मुद्दाम बिघडवलेली सिस्टिम, तीन तास आणि शेवटी एक पानाचं टिपण, की काय शोधलं, कसं शोधलं, काय अजून कळलेलं नाही. आणि परीक्षा ठरल्यावर वर्गही ठरला: रोज एक वेगळा बिघाड, जोड्यांनी शोधायचा, संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगायचा. सॉफ्टवेअरवाल्यांना यात नवं काही नाही. आधी टेस्ट लिहावी, मग ती पास करणारा कोड लिहावा, हे आम्हाला शिकवलेलंच असतं. पण टेस्ट पास होणं आणि प्रोग्रॅम बरोबर असणं यांत फरक आहे, हेही धंद्यात राहून कळतं. फक्त टेस्ट हिरवी व्हावी म्हणून लिहिलेला कोड आम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे.

पहिल्या आठवड्यात मुलांचा प्रश्न एकच होता: "यातलं असेसमेंटला काय येणार?" मी म्हणालो, बिघाड शोधायला येणार. "कुठला बिघाड?" न पाहिलेला. त्यावर एक मुलगी म्हणाली, "पण जे शिकवलंच नाही ते विचारणं बरोबर आहे का?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर हसण्यावारी नेता येत नाही. न शिकवलेलं विचारणं हा अन्याय आहे. जसंच्या तसं शिकवलेलं विचारणं हा देखावा आहे. या दोहोंच्या मधली जागा अरुंद आहे: काम त्याच जातीचं हवं, प्रसंग नवा हवा. सहा आठवड्यांत वीस-पंचवीस बिघाड हाताखालून गेले असतील, तर सव्विसावा नवा असूनही परका नसतो. ब्लूम यांनी सांगितलेलं वर्ग आणि प्रश्न यांच्यामधलं अंतर राखायचं ते इतकंच.

हे मला जमवता आलं, कारण उद्दिष्ट, वर्ग आणि परीक्षा ही तिन्ही माझ्या हातात होती आणि समोर बाराच जण होते. महाराष्ट्रातल्या किती शिक्षकांच्या हातात ही तिन्ही एका वेळी असतात?

पहिला प्रश्न कुणाचा

उद्दिष्टं आधी बांधून घेण्यावर जाणत्यांचे आक्षेपही आहेत. लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७५ साली असं मांडलं, की खरं शिक्षण यशस्वी झालं तर विद्यार्थी कुठे पोचेल हे आधी सांगताच येत नाही. कविता शिकवताना किंवा इतिहास शिकवताना हे म्हणणं मला पटतं. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद संपल्यावर १९९०च्या दशकाच्या अखेरीस निष्पत्तींवर आधारलेला शालेय अभ्यासक्रम मोठ्या आशेने आणला गेला. साधनं नसलेल्या शाळांत तो पेलला नाही आणि २०१० साली सरकारने तो मागे घेतला. तत्त्व चांगलं असणं पुरत नाही. ते कुणाच्या खांद्यावर ठेवलं जातं तेही पाहावं लागतं.

टायलरच्या चार प्रश्नांपैकी शेवटच्या तिहींची उत्तरं तक्त्यात बसतात. पहिल्याचं बसत नाही. कोणत्या मुलाने काय व्हावं हा प्रश्न तांत्रिक नाही, तो सत्तेचा आहे. १८५७ साली त्याचं उत्तर लंडनहून आलेल्या खलित्यात होतं. २०१४ नंतर ते आंतरराष्ट्रीय कराराच्या बारा कलमांत आलं. दोन्ही वेळा ज्यांना शिकायचं होतं आणि ज्यांना शिकवायचं होतं, त्यांच्यापर्यंत प्रश्न आला नाही. उत्तर तेवढं आलं.

म्हणून १८८२ चं ते निवेदन मला पुन्हा उघडावंसं वाटतं. त्यात फुल्यांनी टीकेवर न थांबता प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची यादी दिली आहे: मोडी आणि बाळबोध लिहिता-वाचता येणं, हिशेब, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचे साधे धडे. ही यादी अमुक परीक्षेसाठी नाही. तिची परीक्षा शाळेबाहेर रोज चालूच होती. तेव्हाचे दस्तऐवज मोडीत लिहिलेले असत. कुणब्याच्या मुलाला मोडी आली का, हे त्याच्यापुढे कर्जखत ठेवल्यावर कळणार होतं. हिशेब आला का, हे सावकाराच्या वहीसमोर बसल्यावर. तिथे अपेक्षित प्रश्नसंच चालत नव्हता, आणि नापास झालं तर जमीन जात होती.